फॉन्ट बदलला आणि एक्सेल बंद पडलं

पुण्यात वारजे-माळवाडीतल्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आलेली असते. सचिव ताळेबंदाचं शीर्षक ठळक करायला जातात, आणि एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क तडकाफडकी बंद पडतं.

आधी मूळ फाईलची प्रत काढून ठेवा. मग कोऱ्या फाईलमध्ये तेच करून पाहा. तिथेही प्रोग्राम बंद पडला, तर हिशेबाची फाईल निर्दोष आहे असं समजा. कंट्रोलची कळ दाबून धरून एक्सेल सुरू करा; ते सेफ मोडमध्ये उघडतं. कॅल्कमध्ये हीच सोय हेल्प मेनूत आहे. सेफ मोडमध्ये सगळं सुरळीत चाललं, तर जोडलेलं एखादं ॲड-इन किंवा बदललेली सेटिंग नडते आहे.

मराठी संगणकावर फॉन्टकडे खास लक्ष द्यावं. पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीपासून कुठून कुठून उतरवलेल्या फॉन्टपर्यंत मोठा साठा असतो. त्यातली एक फाईल खराब असली, तरी फॉन्टची यादी उघडताच प्रोग्राम कोसळू शकतो. नुकताच टाकलेला फॉन्ट काढून बघा.

कोरी फाईल नीट चालली, तर दोष जुन्या फाईलमध्ये. वर्षानुवर्षं पानं चिकटवत गेल्यानं रंग, रेघा, अक्षरप्रकार यांच्या जोडण्या साचतात. जुन्या एक्सएलएस फाईलला अशा 4,000 जोडण्यांची मर्यादा आहे, नव्या एक्सएलएसएक्सला सुमारे 65,000. अशा वेळी 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त आकडे आणि सूत्रं नव्या फाईलमध्ये घ्या, सजावट मागेच सोडा.