टाकी कुठे बसवायची हे मुकादम नाही, नियम ठरवतो

(क्रॉयडन इथल्या कामगार बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आठवड्याची एकुलती सुट्टी मोडून आलात, आभार. पगार, व्हिसा, ओव्हरटाइम यावर आपण नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे तेलाच्या टाकीवर.

तुम्ही म्हणाल, क्रॉयडनमध्ये तर घरोघरी गॅस. खरंय. पण आपली व्हॅन इथून निघते ती सरे, केंटच्या खेड्यांत जाते, आणि तिथे पुष्कळ घरं अजून तेलावर गरम होतात. ते तेल म्हणजे आपलं रेशनवरचं रॉकेलच, फक्त एका टाकीत हजार-दोन हजार लिटर. जुनी टाकी काढणं, चौथरा ओतणं, नवी बसवणं, ही अंगमेहनत आपल्याच वाट्याला येते. जागा चुकली तर आग लागते, पाणी नासतं, आणि बोट मजुराकडे दाखवलं जातं. म्हणून हे आकडे पाठ करा.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या ‘जे’ पुस्तिकेत ते दिलेले आहेत. 3500 लिटरपर्यंतची, जमिनीवरची, घराबाहेरची टाकी धरा.

इमारतीपासून, म्हणजे भिंत, खिडकी, दार, वळचण, बॉयलरची धुराची नळी, सगळ्यांपासून 1.8 मीटर. सहा फूट म्हणा. लाकडी शेडपासूनही तेवढंच.

शेजाऱ्याच्या हद्दीपासून 760 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट.

एवढी जागा नसेल तर मध्ये 30 मिनिटं आग अडवणारी भिंत हवी, टाकीपेक्षा 300 मिलिमीटर उंच आणि दोन्ही बाजूंना तेवढीच रुंद. घराच्या बाजूने अंतर कमी पडत असेल, तर जवळची वळचणही आगीला टिकणारी लागते. लाकडी कुंपण म्हणजे भिंत नव्हे.

खाली काँक्रीट असेल तर निदान 100 मिलिमीटर जाड, फरशी असेल तर 42 मिलिमीटर, आणि टाकीच्या चहूबाजूंनी 300 मिलिमीटर बाहेर आलेली. गवत वाढून वाळलं तर आग टाकीखाली पोचते, ती पोचू नये म्हणून हे.

टाकी घरातच ठेवायची असेल तर 60 मिनिटं आग थोपवणारी वेगळी खोली आणि थेट बाहेरचा वारा लागतो. जिन्याखाली, झोपायच्या खोलीला लागून, असलं काही चालत नाही.

इतकं अंतर कशाला? रॉकेल पेट्रोलसारखं पटकन भडकत नाही. भीती उलटी आहे. घराला किंवा शेडला आग लागली की तिच्या धगीनं प्लॅस्टिकची टाकी वितळते आणि सगळं तेल त्या आगीत ओतलं जातं. म्हणजे हे अंतर टाकीला घराच्या आगीपासून वाचवतं. म्हणूनच नळी घरात शिरण्याआधी, बाहेरच, आग लागल्यावर तेल तोडणारा झडपेचा वॉल्व्ह बसवतात. तो ‘नंतर बसवू’ म्हणून ठेवायचा नाही.

आता पाणी. बंड हा शब्द साइटवर ऐकला असेल. आपलं बंडखोरीचं बंड नव्हे. टाकीभोवतीची दुसरी टाकी किंवा हौद, ज्यात आतल्या टाकीच्या 110 टक्के तेल मावेल. टाकी 2500 लिटरच्या वर असेल, ओढा-नदी 10 मीटरच्या आत असेल, विहीर, झरा किंवा बोअर 50 मीटरच्या आत असेल, तर घरगुती टाकीलाही बंड हवाच. दुकान, कारखाना, साइट इथे उघड्यावर 200 लिटरपेक्षा जास्त तेल असेल तर इंग्लंडमध्ये 2001 च्या नियमांनी बंड सक्तीचा आहे. त्या हौदाला पाणी सोडायला भोक पाडायचं नाही. पावसाचं पाणी साचलं तर ते तेलकट धरून काढायचं, गटारात नाही.

क्रॉयडनखाली खडूचा खडक आहे. वरून सांडलेलं तेल त्यात मुरतं, आणि तेच भूजल आपण पितो. वॉडनच्या तळ्यांतून वांडल नदी निघते. 2007 साली बेडिंग्टनच्या सांडपाणी केंद्रातून रसायन तिच्यात गेलं आणि हजारो मासे मेले. ते तेल नव्हतं, पण गटारात गेलेलं नदीत किती लवकर पोचतं ते त्यावरून कळावं.

आता आपला जीव. जुन्या टाकीत साफ करायला उतरायचं नाही. आत हवा नसते, वाफ असते. गटारात उतरलेला एक आणि त्याला काढायला गेलेले दोघे, अशा बातम्या आपण गावाकडे वाचल्यात. इथे 1997 चे बंदिस्त जागांचे नियम आहेत: हवेची तपासणी, बाहेर माणूस, वाचवायची सोय, हे सगळं आधी. रिकामी दिसणारी टाकी ग्राइंडरने कापायचीही नाही. उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

मुकादम म्हणाला, ‘इथेच ठेव, बोलू नकोस’, तर? टेप लावा, फोटो काढा, मेसेज करून लेखी विचारा. टाकीचं प्रमाणपत्र ऑफ्टेकमध्ये नोंदलेला माणूस देतो, नाहीतर काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवावं लागतं. तुम्ही कशावरही सही करू नका. जीवाला गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं रास्तपणे वाटलं, तर काम सोडून बाजूला होण्याचा हक्क 1996 च्या रोजगार हक्क कायद्याच्या कलम 44 मध्ये आहे. 31 मे 2021 पासून तो फक्त कायम नोकरांपुरता राहिलेला नाही. कागदावर ‘स्वयंरोजगार’ लिहिलेल्यांचं प्रकरण गुंतागुंतीचं असतं, त्यांनी सल्ला घ्यावा, पण साइट सुरक्षित ठेवायची जबाबदारी कंत्राटदाराची तिथेही सुटत नाही. एचएसईकडे तक्रार करताना आपलं नाव मालकाला कळवू नका असं सांगता येतं. व्हिसा मालकाशी बांधलेला असेल तर पाऊल टाकण्याआधी सल्ला घ्या, एकट्याने भांडू नका.

दोन नंबर फोनमध्ये आत्ताच टाका. एकास, कामाच्या हक्कांसाठी: 0300 123 1100. तेल सांडलं तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सी, दिवसरात्र: 0800 80 70 60. आग असेल तर आधी 999.

आणि उद्यापासून खिशात टेप ठेवा. आता तुमच्या साइटवरचं सांगा, कुणाकडे कशी टाकी आहे ते बघू.