लक्ष्मीबाई जाधवांच्या तबकड्या

कोल्हापुरांत जुन्या गाण्याचे षोकी जमले, म्हणजे शाहूमहाराजांच्या पदरच्या अल्लादियाखांसाहेबांचें नांव निघतेंच. १९४६ पर्यंत हयात असूनहि खांसाहेबांनीं एकहि तबकडी मागें ठेविली नाहीं, ही हळहळ रास्तच. परंतु त्यांचे धाकटे बंधु हैदरखां यांच्या शिष्या, बडोदें दरबारच्या गायिका लक्ष्मीबाई जाधव यांच्या तबकड्या आहेत. त्या घराण्याच्या गायकीचा तो कानाला लाभणारा जुना पुरावा. त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते! मिनिटास ७८ फेरे. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें. तेवढ्यांत अस्ताई, अंतरा, ताना, सारें बसवावयाचें. राग उलगडूं लागतो न लागतो, तोंच सुई मध्यापाशीं येते. आणि जाणता रसिक कांहीं न बोलतां तबकडी पुन्हा लावतो.