सांभाळणारा कोण, तपासणारा कोण?

(मुलुंड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मानखुर्द आपल्याच उपनगर जिल्ह्यात आहे. तिथल्या बालगृहाला आपण सगळे अजून 'रिमांड होम' म्हणतो, आणि बहुतेकांनी ते नाव लहानपणी धाक म्हणूनच ऐकलेलं असतं. आत कोण राहतं, हे पाहायला आपण जात नाही. तिथं येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे, ती आईबापांशिवाय परप्रांतातून या शहरात आलेली मुलं आहेत. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर बिहार, उत्तर प्रदेशच्या गाड्या रिकाम्या होतात. त्यातून कुणी घरच्या माराला कंटाळून उतरतं, कुणी मुंबई पाहायची म्हणून, तर कुणी 'काम लावून देतो' म्हणणाऱ्या माणसाचा हात धरून. 2005 साली गोवंडीतल्या जरीच्या कारखान्यातल्या एका बिहारी मुलाचा मारहाणीत जीव गेला, तेव्हा ही मुलं कुठं जातात ते या शहराला थोडंफार दिसलं.

स्टेशनवर असं मूल रेल्वे पोलिसांना सापडलं, की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढं उभं करावं लागतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं ही समिती नेमली आहे. एक अध्यक्ष, चार सदस्य. समितीनं आदेश दिला की मूल बालगृहात जातं. त्या क्षणापासून त्याचं जेवण, औषधपाणी, झोप, शाळा आणि घरी परतायची तारीख, सगळं सरकारच्या हाती. एवढी सत्ता आईबापांचीसुद्धा मुलावर नसते, कारण त्यांच्यावर आजी, काका, शेजारी, शाळेतल्या बाई अशा दहा जणांची नजर असते. या मुलावर कुणाची असते?

हा प्रश्न मानखुर्दमधूनच एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. मानखुर्दच्या न्यू ऑब्झर्वेशन होमच्या कारभाराविरुद्ध त्यांनी आधी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मुलांना घरी पाठवायला विलंब होतो, मुलांकडून काम करून घेतलं जातं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हे गृह चालवणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी 1927 पासूनची. कागदोपत्री ती नोंदणीकृत संस्था, म्हणजे सरकार नव्हे. पण तेव्हा तिचे पदसिद्ध अध्यक्ष राज्याचे मुख्यमंत्री, आणि नियामक मंडळावर समाजकल्याण मंत्री! डिसेंबर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही संस्था राज्ययंत्रणेचाच भाग आहे आणि तिला तसंच वागवलं पाहिजे. माझ्या मते त्या निकालातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. संस्थेचा मुखवटा घालून सरकारला जबाबदारी झटकता येणार नाही, हे तिथं ठरलं.

जबाबदारी कुणाची ते ठरलं, पण तपासायचं कुणी? बाल न्याय कायद्याच्या 54 व्या कलमात निरीक्षण समित्या आहेत. दर तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक गृहाला भेट द्यायची, भेटीला किमान तीन सदस्य जायचे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. कागदावर उत्तम आहे. आता केंद्राचे 2016 चे आदर्श नियम उघडा. गृहाच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण? जिल्हा बाल संरक्षण अधिकारी. त्याच गृहाची तपासणी करणाऱ्या जिल्हा निरीक्षण समितीचा सदस्य सचिव कोण? तोच अधिकारी. मी कुणा एका अधिकाऱ्याला दोष देत नाही. त्यांच्यातली कितीतरी माणसं राबून थकलेली आहेत. पण आपणच चालवायचं आणि आपणच तपासायचं, अशी रचना असेल तर प्रामाणिक माणसाचाही नाइलाज होतो. उपनगराची बालकल्याण समितीही मानखुर्दच्या त्याच आवारात बसते. मूल ज्या फाटकातून आत येतं, तक्रारही त्याच फाटकाच्या आत करायची.

तक्रारीवरून एक वस्तू दाखवतो. नियमाप्रमाणे प्रत्येक गृहात सूचनापेटी लावायची असते, कार्यालयापासून दूर, मुलांचा हात पोचेल अशी. आठवड्यातून एकदा ती उघडायची. किल्ली असते व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे. दरभंग्याहून आलेला दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. घरी मैथिली बोलणारा, शाळा अर्धवट सुटलेली. रात्री मोठ्या मुलांनी मारलं किंवा एखाद्या काळजीवाहकानं नको ते केलं, तर हे त्यानं लिहायचं कोणत्या भाषेत? त्याचं अक्षर तिथं कोण ओळखणार नाही? चिठ्ठी टाकताना त्याला कुणी पाहिलं तर? पेटी रिकामी निघाली, की अहवालात 'तक्रार नाही' असं जातं. मुलानं तोंड उघडावं असं वाटत असेल, तर त्या गृहाच्या पगारपत्रकावर नसलेलं, त्याची भाषा बोलणारं माणूस त्याच्याशी एकांतात बसलं पाहिजे, तेही पुन्हा पुन्हा, आगाऊ न कळवता.

मी हे तर्कानं सांगत नाही. 2010 साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या गृहाची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि मग राज्यातल्या अशा गृहांच्या पाहणीचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं आलं. पुढच्या वर्षी पनवेलजवळच्या एका गृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले आणि 2013 मध्ये गृहचालकाला शिक्षा झाली. 2017 साली बिहार सरकारनं आपल्या निवारागृहांच्या सोशल ऑडिटचं काम याच टाटा संस्थेच्या 'कोशिश' गटाला दिलं. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात काय चाललं होतं, ते त्या गटाच्या अहवालामुळं जगाला कळलं. तिथंही सरकारी निरीक्षण होतंच, भेटी होत होत्या. पण त्या मुली ज्यांच्याशी बोलल्या ते सगळे बाहेरून आलेले. फेब्रुवारी 2020 मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण सरकारचा अतिउत्साहही मुलांना जाचतो. मे 2023 मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाड इथं 59 मुलांना उतरवून घेतलं. बिहारच्या अररियाकडची ही मुलं पुणे, सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, आणि मुलं 12 दिवस नाशिक-जळगावच्या निवारागृहांत राहिली. मार्च 2024 मध्ये पोलिसांनी गैरसमज झाला म्हणून प्रकरण बंद केलं. म्हणून तपासणी करणाऱ्यानं पलंग आणि संडास मोजून भागत नाही. हे मूल इथं का आहे, आणखी किती दिवस राहणार, त्याच्या आईशी फोनवर कुणी बोललं का, हेही त्यानं विचारलं पाहिजे.

बाहेरच्या माणसांना आत जायचा हक्क मिळाला की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथं कोठडीत ठेवलेल्या स्थलांतरित मुलांसाठी 1997 मध्ये 'फ्लोरेस' करार झाला. त्यात मुलांच्या वकिलांना कोठडीत जाऊन मुलांशी बोलायचा हक्क मिळाला. 2019 मध्ये टेक्सासच्या क्लिंट गावातल्या केंद्रात अंघोळ नाही, पुरेसं अन्न नाही अशा स्थितीत लहान मुलं आहेत, हे त्या हक्कामुळंच बाहेर आलं. आपल्याकडं बालहक्क आयोगांना चौकशीचे अधिकार आहेत, पण पदंच रिकामी ठेवली तर चौकशी करणार कोण? ती भरा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2018 मध्ये द्यावा लागला.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. जिल्हा निरीक्षण समितीत बालहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीची एक जागा असते, आणि एक मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाची. आपल्या जिल्ह्यात त्या जागांवर आज कोण आहे, गेल्या वर्षभरात किती भेटी झाल्या, अहवालांवर काय कारवाई झाली, हे मुलांची नावं वगळून कळवा, असा माहिती अधिकाराचा अर्ज वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. या सभागृहात डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मैथिली, बांगला, नेपाळी बोलणारे शेजारी असलेली माणसं आहेत. आपली नावं लेखी कळवा आणि त्या मुलांशी बोलायला आम्हाला आत येऊ द्या, अशी मागणी करा. अर्जाचा मसुदा मी आणला आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना घेऊन जा.