खाण संपते, शेत उरले पाहिजे

(मावळातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचनासाठी.)



आज जमलेल्यांत निम्मे भातवाले आहेत, निम्मे कापूस-ज्वारीवाले. मावळात पाऊस धो धो पडतो, आपल्याकडे तो वाट बघायला लावतो. पीक वेगळे, पाणी वेगळे. पण जमीन हातची गेली की दोघांची गत एकच होते. म्हणून आज खाणीवर बोलायचे आम्ही ठरवले.

मावळच्या माणसाला जमीन जाण्याचे दुखणे नवे नाही. लोणावळ्याचे पाणी अडवून खोपोलीला वीज १९१५ साली सुरू झाली. शेजारच्या मुळशीत धरणासाठी जमिनी जायला लागल्या, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण तरी झालेच. पण धरणात आणि खाणीत फरक आहे. धरण शंभर वर्षे उभे राहते. खाण वीस-तीस वर्षांत संपते. मालक यंत्रे उचलून जातो आणि खड्डा गावाला राहतो. खाण कशी काढायची यावर शंभर कागद होतात. ती मिटवायची कशी, हे विचारणारा कोणी नसतो.

आता थोडा हिशेब मांडू. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. तेव्हा एकरावरची फूटभर माती म्हणजे ४३५ ब्रास. दोन ब्रासची गाडी धरली तर दोनशेहून जास्त खेपा. ही नुसती माती झाली, खड्डा भरण्याचे तर बोलूच नका. एका एकरात ४० फूट खोल दगड काढला तर १७,००० ब्रासच्या वर माल जातो. तो पुण्याच्या इमारतीत आणि रस्त्यात जाऊन बसला. तो परत कोण आणणार? म्हणून दगडखाणीचा खड्डा बुजवून देऊ असे कोणी सांगितले तर आधी विचारा, कशाने बुजवणार?

कोळशाचे गणित उलटे आहे. वणी आणि चंद्रपूरच्या भागात उघड्या खाणींनी कापूस-ज्वारीची काळी रानं खाल्ली. तिथे कोळशाच्या वरची माती आणि दगड उकरून बाजूला टाकतात. उकरलेले फुगते, त्याचे डोंगर उभे राहतात. म्हणजे तिथे भरायला माल आहे. पण वरची काळी माती सुरुवातीलाच वेगळी ठेवली नाही, तर ती दगडाखाली गाडली जाते. मग भरलेल्या खड्ड्यावर बाभूळ उगवेल, कापूस नाही. वेगळी ठेवलेली मातीही उंच ढिगात वर्षानुवर्षे पडली तर मरते. ढीग बुटके हवेत, त्यावर गवत आणि शेंगवर्गाचे पीक पेरलेले हवे, आणि जागा तयार होताच ती माती पसरली पाहिजे. हे काम शेवटच्या वर्षाचे नाही, पहिल्या दिवसाचे आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. २००९ साली कोळसा खात्याने नियम केला, की खाण मिटवण्याचा आराखडा आधी द्यायचा आणि त्यासाठी पैसा वेगळ्या खात्यात भरायचा. उघड्या खाणीला तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. म्हणजे एकरी अडीच लाखांच्या आत. त्यात डोंगर उतरवायचे, माती पसरायची, झाडे लावायची, पाणी सुधारायचे. पुरतील का, ते तुम्हीच ठरवा. आणि जमिनीचे काय? १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याने घेतलेली जमीन पुरती सरकारची होते. कोळसा संपला म्हणून ती मूळ मालकाला परत द्यावीच, अशी सक्ती त्या कायद्यात नाही.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खाण संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवले पाहिजे, चारा आणि वनस्पती वाढतील अशी जमीन करून दिली पाहिजे, आणि केंद्राने ही अट खाणवाल्यावर घालावी. निकाल चांगला आहे. पण निकालाने गवत उगवत नाही. गावाने जाऊन बघावे लागते.

मावळात ही वेळ जवळ येऊ शकते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ ला पुन्हा काढला. त्यात नव्या खाणींना बंदी आहे. चालू खाणी अंतिम आदेशापासून ५ वर्षांत किंवा पट्ट्याची मुदत संपताच बंद करायच्या आहेत. मसुद्यावर वाद आहेत, ते आज बाजूला ठेवू. पण खाण बंद होणार म्हटल्यावर शेवटच्या वर्षी ती दुप्पट जोराने ओरबाडली जाते, हे आपण जाणतो. आणि तिथे काम करणाऱ्या वडार आणि इतर मजुरांच्या चुलीचे काय, हेही विचारले पाहिजे.

ज्यांनी स्वतःची जमीन खाणीला दिली त्यांना एक सावधगिरी. महसूल कायद्याच्या कलम ४८(७) प्रमाणे बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. त्याचा बोजा सातबारावर चढला तर दगड नेणारा मोकळा आणि जमीनवाला अडकलेला.

म्हणून प्रत्येक जिल्हा बैठकीने आणि ग्रामसभेने हे ठराव घ्यावेत:

१. खाण मिटवण्याचा आराखडा मराठीत, चावडीवर लावला जावा. त्याशिवाय ग्रामसभेने शिफारस देऊ नये.

२. वरची माती कुठे ठेवली, किती ब्रास, याची दरवर्षी गावासमोर मोजणी व्हावी.

३. खड्ड्याच्या कडा पायऱ्यांनी उतरवाव्यात आणि कुंपण घालावे, म्हणजे गुरे आणि पोरे बुडणार नाहीत. साठलेले पाणी तपासून शेतीला द्यावे.

४. खाण मिटवण्याची अनामत गावाच्या पाहणीशिवाय परत करू नये.

५. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्यांचा पैसा खाणीच्या गावातच खर्च व्हावा, आणि माती पसरण्याचे व झाडे जगवण्याचे काम तिथल्याच मजुरांना मिळावे.

६. सरकारला नको असलेली जमीन आधी मूळ मालकाला विचारावी.

यातले एकही मागणे दानाचे नाही. आपण रान नांगरतो, पीक काढतो आणि पुढच्या हंगामासाठी रान तयार ठेवतो. शेतकऱ्याला जो नियम, तोच खाणवाल्याला लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. गावी गेल्यावर पहिले काम एकच करा. शिवारातल्या प्रत्येक खाणीचा पट्टा कधी संपतो, ती तारीख तहसीलमधून लिहून आणा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.