दुपारचा खेळ

(कोल्हापुरात महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कोल्हापुरात सिनेमावर बोलायचं म्हणजे बाबूराव पेंटरांचं नाव आधी येतं. मी त्यांच्या कंपनीतल्या तीन बायकांपासून सुरुवात करते. तानीबाई कागलकरांनी पैशाची मदत केली म्हणून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहू शकली. गुलाबबाई आणि अनसूयाबाईंनी १९२० च्या 'सैरंध्री'त कामं केली. पडद्यासाठी त्यांची नावं बदलून कमलादेवी, सुशीलादेवी झाली. समाजानं वाळीत टाकल्यावर दोघींना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. इतकी किंमत मोजून बायकांनी हा सिनेमा उभा केला. मग आज तो बघायला आपण किती जणी जातो?

चांगले सिनेमे नाहीत असं नाही. आपल्याच गावात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, फिल्म सोसायटी शाहू स्मारक भवनात जगभरचे सिनेमे दाखवते. मराठीत रोहन कानवडेंच्या 'सबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेत सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला. पायल कपाडियांचा सिनेमा २०२४ साली कान महोत्सवात गौरवला गेला. त्यात छाया कदम यांनी केलेल्या पार्वतीची खोली बिल्डर घेतो, कारण तिच्याकडे कागदच नाही. हा प्रश्न आपल्या किती जणींचा आहे! पण तिला कानमध्ये पाहिलं गेलं, आपल्या वस्तीत नाही.

जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'चंही तेच. चंद्रपूरकडच्या खेड्यातली शिकणारी मुलगी, तिला पुन्हा पुन्हा पाहायला येणारी माणसं, तेच प्रश्न: नाव काय, उंची किती? टोरांटोत २०२३ साली त्याला पुरस्कार मिळाला. महिला दिनाच्या आदल्या दिवशी, ७ मार्च २०२५ ला, तो थिएटरात आला. आमच्या गटातल्या अकरा जणींनी जायचं ठरवलं. खेळ होता रात्री दहाचा. शेवटी गेलो तिघी.

परतताना रिक्षात आमच्यातली एक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या पोरीलाबी असंच हुबं केलं हुतं. मी आत पोहे परतत हुते. तिला काय वाटलं, इचारलंच न्हाई." ती मुलगी घरीच होती. रात्री दहाला तिला कोण पाठवणार? पुढच्या आठवड्यात आम्ही चौकशी केली, तर सिनेमा उतरला होता.

काही जणी म्हणतील, आधी पाणी, रेशन, मारहाणीच्या केसेस. सिनेमा हे चोचले. मला तसं वाटत नाही. सुमित्रा भावे पुण्यात वस्तीतल्या बायकांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाच वाचता येत नाही, हे लक्षात आल्यावर त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ साली 'बाई' झाला. म्हणजे हा सिनेमा आपल्यासाठीच जन्मला. आपल्यापर्यंत आणायचं काम तेवढं राहिलं आहे.

ते काम आपणच करू. २००४ साली मुंबईच्या माहितीपट महोत्सवात सेन्सॉरच्या अटीवरून वाद झाला, तेव्हा दिग्दर्शकांनी 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरवला. आपण महिन्यातून एक दुपार ठरवू. भांडी आवरल्यावर आणि नळाला पाणी यायच्या आत, दोन ते पाच. समाजमंदिराची भिंत चालेल. लहान मुलं सांभाळायला दोघी पाळीनं बसतील. मोबाईलवर आलेली चोरटी प्रत लावायची नाही. दिग्दर्शकाला पत्र लिहायचं, परवानगी मागायची, वर्गणीतून जमेल ते मानधन द्यायचं. तेही आपल्यासारखेच पदरमोड करून काम करतात. खेळ संपल्यावर अर्धा तास बोलायला ठेवायचा.

पहिल्या खेळाला 'स्थळ'च मागवू या. आणि त्या दुपारी आईशेजारी ती मुलगीही बसलेली असेल, एवढं आपण बघू.