मोठ्यांचं कार्टून

कार्टून म्हटलं की आपल्या घरातली मोठी माणसं रिमोट लेकरांच्या हातात देतात आणि आपापल्या कामाला लागतात. चित्रं हलतात, बोलतात, उड्या मारतात, म्हणजे ते पोरांसाठीच असणार, असा आपला पक्का समज. आज मी अशा एका कार्टूनविषयी बोलणार आहे, जे मुळात मोठ्यांसाठी काढलं गेलं. ते अमेरिकेतलं आहे, पण त्याची पहिली गोष्ट भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात घडावी अशी आहे.

या मालिकेचं नाव 'द सिम्पसन्स'. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने १९८७ साली हे कुटुंब पहिल्यांदा पडद्यावर आणलं, तेव्हा ते दुसऱ्या एका कार्यक्रमात मिनिट-दोन मिनिटांपुरतं दिसायचं. पात्रांना नावं देताना तो दूर गेला नाही. त्याच्या वडिलांचं नाव होमर, आईचं मार्गारेट, बहिणी लिसा आणि मॅगी. तीच नावं त्याने चित्रांना दिली. खट्याळ मुलाला मात्र स्वतःचं नाव न देता 'बार्ट' केलं. सगळ्यांचा रंग हळदीसारखा पिवळा. बाप अणुवीज केंद्रात नोकरीला, आळशी आणि खादाड, आई समजूतदार, मुलगा उनाड, मोठी मुलगी हुशार आणि धाकटी तोंडात चोखणी धरलेली.

या कुटुंबाचा अर्ध्या तासाचा पहिला भाग १७ डिसेंबर १९८९ रोजी दाखवला गेला. त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो.

नाताळ तोंडावर आला आहे. आईने वर्षभर काटकसर करून बरणीत पैसे साठवले आहेत. पण बार्ट बाजारात जाऊन हातावर गोंदवून घेतो आणि ते गोंदण काढण्यात आईची सगळी बरणी रिकामी होते. आई म्हणते, हरकत नाही, यंदाचा बोनस यायचा आहे. इकडे कारखान्याचा मालक जाहीर करतो की वरच्या साहेबांच्या पगारवाढीला धक्का लागणार नाही, पण खालच्यांना बोनस मिळणार नाही. होमर घरी येतो, पण ही बातमी त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही. बायकोच्या चेहऱ्यावरची आशा बघून तो गप्प बसतो. मग चार पैसे मिळवायला तो कुणाला न सांगता बाजारपेठेत सांताक्लॉजचं सोंग घ्यायला जातो. लाल झगा, पोटावर पट्टा, खोटी पांढरी दाढी. लोकांची पोरं मांडीवर घेऊन त्यांना काय हवं ते विचारायचं, असं ते काम. आणि एक दिवस त्याचाच मुलगा मांडीवर येऊन बसतो, गंमत म्हणून दाढी ओढतो, तर आत बाप!

एरवी बापाची फजिती करायला टपलेला हा मुलगा त्या क्षणी हसत नाही. आपल्यासाठी बाप कुठपर्यंत खाली उतरला हे त्याला कळतं आणि तो त्याच्या बाजूने उभा राहतो. पुढे मजुरी हातात पडते ती कपाती जाऊन अवघी तेरा डॉलर. ती घेऊन बापलेक कुत्र्यांच्या शर्यतीला जातात. 'सांताचा छोटा मदतनीस' अशा नावाचा एक कुत्रा शेवटच्या घडीला उतरतो. एकाला नव्याण्णव असा भाव. हा देवाचाच कौल, असं समजून होमर सगळे पैसे त्याच्यावर लावतो. कुत्रा शेवटून पहिला येतो. मालक त्याला तिथेच हाकलून देतो आणि ते हरलेलं जनावर होमरच्या गळ्यात येऊन पडतं. घरी आल्यावर होमर अखेर कबुली द्यायला तोंड उघडतो, तोच बार्ट कुत्र्याला आत आणतो. घरच्यांना वाटतं, हीच नाताळची भेट! सगळे आनंदून जातात. संपली गोष्ट.

ही गोष्ट मी एकदा आमच्या गावच्या पारावर सांगितली. इंग्रजी मालिका कुणी पाहिलेली नव्हती, पण 'बोनस' हा शब्द आला आणि सगळे सावरून बसले. श्रोतेहो, इतर ठिकाणी बोनस म्हणजे नोकरदाराची दिवाळी. आपल्या जिल्ह्यात बोनस म्हणजे धानाचा बोनस. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की आपले कान तिकडे लागलेले असतात. २०२२ च्या अधिवेशनात हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर झाले. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात २० हजार. जाहीर होणं आणि खात्यात जमा होणं यांत किती दिवस जातात, हे ज्याने चुकाऱ्यासाठी बँकेच्या फेऱ्या मारल्या त्याला सांगायला नको. गोष्ट संपल्यावर एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "मंग त्याचा बोनस आला का जी, शेवटी?" मी म्हटलं, नाही आला. तो म्हणाला, "मंग खरी गोष्ट हाये."

कुत्र्यांची शर्यतही कुणाला समजावून सांगावी लागली नाही. शंकरपट पाहिलेल्या माणसाला ती आपोआप कळते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पटात जोडी हरली की मालकाचा चेहरा कसा होतो, आणि खिशात होतं ते लावून बसलेल्याचा कसा होतो, हे आपण पाहिलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. या कार्टूनला मोठ्यांचं का म्हणायचं? त्या भागात अंगप्रदर्शन नाही. त्यात आहे ती मोठ्या माणसाची लपवाछपवी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. घरच्या कर्त्याची मूठ बहुतेक वेळा रिकामीच असते आणि ती झाकून ठेवण्यात त्याचा जन्म जातो. लेकराला त्यातली फजिती दिसते. फजितीमागचा घोर ओळखायला मात्र संसाराचे चटके बसलेले असावे लागतात. म्हणून ते मोठ्यांचं.

अमेरिकेतही हे सगळ्यांना रुचलं नाही. १९९२ च्या जानेवारीत तिथले राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश भाषणात म्हणाले की अमेरिकी कुटुंबं सिम्पसनसारखी कमी आणि वॉल्टनसारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन हे दुसऱ्या एका जुन्या मालिकेतलं मंदीच्या काळातलं गुणी, एकमेकांना धरून राहणारं कुटुंब. मालिकावाल्यांनी तीन दिवसांत कार्टूनमधूनच उत्तर दिलं. बार्ट म्हणतो, आम्हीही वॉल्टनसारखेच आहोत, मंदी कधी संपते म्हणून देवाला विनवतोय. राष्ट्राध्यक्ष पुढे निवडणूक हरले. मालिका तीन दशकांहून अधिक चालली आणि साडेसातशेच्या पुढे भाग झाले.

मला यात नवल वाटत नाही, कारण हसण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि भर दिवसा खडी गंमत रंगते. पडदा नाही, मंच नाही; ढोलकी, टाळ आणि उभ्या उभ्या सवालजवाब. शाहीर असतो, सोंगाड्या असतो आणि साडी नेसून, पावडर लावून बाईचं सोंग घेणारा पुरुष असतो. नवराबायकोचं भांडण, दारूपायी मोडलेला संसार, सावकाराचा तगादा, फसवलेला जावई, सगळं तिथे हसतहसत येतं. आणि जो साडी नेसून नाचतो तो दुसऱ्या दिवशी विळा घेऊन बांधीत धान कापत असतो. गर्दीत त्याचा मुलगाही उभा असतो. खोट्या दाढीमागे बाप सापडलेल्या त्या बार्टचं मन त्या मुलाला आपल्याहून चांगलं कळेल.

या मातीने विनोदी नट काही कमी दिले नाहीत. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आठशे भूमिका आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग, अशी त्यांची नोंद आहे.

पण त्याच वर्षी, नोव्हेंबरात, आपल्याच तुमसर तालुक्यातल्या एका मंडईत 'हंगामा'च्या नावाखाली नग्न नाच झाला. त्याची चित्रफीत मोबाईलवरून पसरली, गुन्हे दाखल झाले. तेव्हा चर्चा झाली ती बंदोबस्ताची आणि परवान्याची. मला वाटतं, प्रश्न त्याच्याही मागचा आहे. 'फक्त मोठ्यांसाठी' या शब्दांचा अर्थच आपण घालवून बसलो आहोत. मोठ्यांसाठी म्हणजे लाज सोडलेलं, एवढंच आता आपल्याला सुचतं. मग बायका घरी थांबतात, लेकरांना हाकललं जातं आणि अंधारात एका बाजूला पुरुषांचा घोळका तेवढा उरतो. गंमतीत मात्र सगळं गाव एकत्र हसत होतं. सासूही हसत होती आणि सूनही. कारणं वेगळी होती इतकंच.

कुणी म्हणेल, गंमतीतही चावटपणा असतोच. असतो. होमरच्या घरीही असतो. पण चावटपणा हे तिथे मीठ आहे, ताटातला भात नव्हे. नुसतं मीठ वाढलेल्या ताटावरून माणूस भुकेलाच उठतो.

मंडईचं नियोजन करणाऱ्या गावकऱ्यांना माझं एक सांगणं आहे. वर्गणी गोळा कराल तेव्हा खडी गंमतीचा एक फड आधी ठरवा, आणि त्याची बिदागी हंगाम्याच्या उरलेल्या पैशांतून देऊ नका. फडाला यंदाची गोष्ट मांडायला सांगा: अडकलेला चुकारा, न आलेला बोनस, पुण्याला कामाला गेलेला आणि फोन न उचलणारा पोरगा. घरातल्या कर्त्या माणसाला वर्षातून एकदा तरी आपली झाकली मूठ चारचौघांत उघडी पडलेली बघून मोकळेपणी हसता आलं पाहिजे. तसं हसून घरी गेलेला बाप बायकोला खरं सांगायला थोडा कमी घाबरेल, असा माझा अनुभव आहे.