साडेचारशे रुपयांचा डोंगल आणि रात्री दहाचा फोन

 

आजचा विषय छोटा आहे, अगदी नखाएवढा. यूएसबीला लावायचा वायफाय ॲडॉप्टर, ज्याला आपण डोंगल म्हणतो, तो. लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर कसा बसवायचा ते आज सांगणार आहे. पण आधी मी तो एकदा कसा चुकीचा बसवला, आणि माझ्या धाकट्या बहिणीला ते कसं महागात पडलं असतं, ते ऐका. बसमध्ये असाल तर काही लिहून घेऊ नका. शेवटी सगळं क्रमाने परत सांगतो.

२०२३ चा पावसाळा. बहिणीची बारावी झाली होती, सीईटी झाली होती, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होती. मी पुण्यात नोकरीला, ती आई-बाबांजवळ गावी. माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप मी तिला दिला. त्याचं आतलं वायफाय कार्ड कधीच गेलेलं. विंडोज त्यावर रांगत चालायचं, म्हणून मी लिनक्स मिंट २१ टाकलं आणि दुकानातून साडेचारशे रुपयांचा डोंगल आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘प्लग अँड प्ले’. खाली बारीक अक्षरात फक्त विंडोजची नावं.

डोंगल लावला. वायफाय काही दिसेना. उलट डेस्कटॉपवर एक सीडी दिसायला लागली! ज्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, त्यावर सीडी.

मग मी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड चालवली. लॅपटॉपला जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी ती दाखवते. प्रत्येक वस्तूपुढे एक आयडी असतो. चार अक्षरं, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग पुन्हा चार अक्षरं. पहिली चार म्हणजे बनवणारी कंपनी, पुढची चार म्हणजे नेमकी वस्तू. माझ्याकडे आलं ‘०बीडीए : १ए२बी’. ०बीडीए म्हणजे रियलटेक. आणि शेजारी नाव लिहिलेलं, आरटीएल ८१८८ जीयू.

मी खूश. चिप सापडली! रात्री दोनपर्यंत ८१८८ जीयूचा ड्रायव्हर शोधला, कंपाइल केला, बसवला. काही उपयोग नाही. कारण त्या नावाच्या पुढे कंसात जे लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘ड्रायव्हर सीडीरॉम मोड’.

भानगड अशी असते. असे बरेच स्वस्त डोंगल लावल्या लावल्या वायफाय म्हणून पुढे येतच नाहीत. ते आधी सीडीचं सोंग घेतात. त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो, म्हणजे गिऱ्हाइकाला वेगळी डिस्क द्यायला नको. विंडोजवर तो ड्रायव्हर बसला की सोंग उतरतं. लिनक्सवर हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्रॅम करतो, पुष्कळदा आपोआप. माझ्याकडे झालं नाही. पण उपाय एकदम साधा निघाला. ती सीडी दिसतेय ना? तिच्यावर राइट क्लिक करायचं आणि ‘इजेक्ट’ म्हणायचं. बास. मोडस्विचसुद्धा त्या डोंगलला हाच निरोप देतो, की सीडी बाहेर काढ.

इजेक्ट केलं, परत एलएसयूएसबी चालवली. आयडी बदललेला! ‘०बीडीए : सी८२०’. म्हणजे चिप होती आरटीएल ८८२१ सीयू. खोक्यावर हे नाव नव्हतं, पहिल्या यादीतही नव्हतं. सोंग उतरल्यावरच खरं नाव कळलं.

आता खरी चूक ऐका. मिंट २१ मध्ये कर्नल होता ५.१५. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळं हार्डवेअर सांभाळणारा. त्यात या चिपचा ड्रायव्हर नव्हता, म्हणून मी सोर्स कोड उतरवला, ‘मेक’ केलं, मग ‘सुडो मेक इन्स्टॉल’. वायफाय चालू! कॉलर ताठ. बहिणीला म्हणालो, “झालं. आता तू कशाला हात लावू नकोस.” आणि पुण्याची बस पकडली.

तीन आठवड्यांनी रात्री दहाला तिचा फोन.

“दादा, वायफाय गेलंय. यादीत एकही नेटवर्क दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म बंद होणार होता. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, कुठल्या क्रमाने, हे सगळं त्यात भरायचं. तिने गेल्या वर्षीचे कटऑफ काढून लॅपटॉपवर भली मोठी शीट केलेली. फोनच्या छोट्या स्क्रीनवर एवढे पर्याय भरताना एक क्रम इकडचा तिकडे झाला, तर शाखा बदलते.

मी विचारलं, “काय केलंस तू?”

“काही नाही. अपडेट करा असं येत होतं, ते केलं.”

आणि मी चिडलो. “हात लावू नकोस म्हटलं होतं ना! कोणी सांगितलं होतं अपडेट करायला?”

ती गप्प. मग हळूच म्हणाली, “अपडेट करणं चूक असतं का?”

मंडळी, मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. ऑफिसात दर आठवड्याला लोकांना सांगतो, अपडेट टाळू नका, सिक्युरिटीचा प्रश्न असतो. तिने अगदी बरोबर तेच केलं होतं. चूक माझी होती.

काय झालं होतं? ड्रायव्हर हा त्या त्या कर्नलसाठी कंपाइल होतो आणि त्याच कर्नलच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. अपडेटबरोबर नवा कर्नल आला की त्याचं नवं फोल्डर तयार होतं. कर्नलचे स्वतःचे ड्रायव्हर त्यात असतात, आपण बाहेरून आणलेला नसतो. शाळेसारखंच आहे. मी पोराचं नाव पाचवीच्या हजेरीपटावर लिहून आलो, पोरगं सहावीत गेलं, आणि सहावीच्या हजेरीपटावर नावच नाही.

यावर ‘डीकेएमएस’ नावाची सोय आहे. डायनॅमिक कर्नल मॉड्यूल सपोर्ट. डेल कंपनीत सुरू झालेला हा प्रकल्प, आज सगळ्या मोठ्या लिनक्समध्ये मिळतो. ड्रायव्हरचा सोर्स कोड त्याच्याकडे सोपवायचा. नवा कर्नल आला की तो स्वतःच ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करतो. दरवर्षी नव्या हजेरीपटावर नाव लिहिणारा कारकून समजा. मी घाईत हा कारकून नेमलाच नव्हता.

त्या रात्री काय केलं? तिला म्हटलं, “बाबांचा फोन घे, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोड, आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर.” हॉटस्पॉट नाही हं! हॉटस्पॉटला लॅपटॉपचं वायफाय लागतं, तेच तर गेलेलं. टेदरिंगमध्ये नेट केबलमधून येतं, आणि अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. अर्ध्या मिनिटात नेट चालू. साडेबाराला फॉर्म कन्फर्म झाला.

अंथरुणावर पडल्यावर आठवलं, अरे, याहून सोपा मार्ग होता! अपडेटनंतर जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबायचं, ग्रबचा मेनू येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडला असता, तर वायफाय होतं तसं चाललं असतं. पण चिडलेल्या माणसाला वेळेवर काही आठवत नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेलो. आधी सॉरी म्हणालो. मग कीबोर्ड तिच्याकडे दिला आणि मी शेजारी बसलो. प्रत्येक कमांड तिने टाइप केली, आणि टाइप करायच्या आधी ती काय करते हे मी सांगायचं, अशी अट तिनेच घातली. दोन ठिकाणी मलाच सांगता येईना. नुसता ‘सुडो’ लावून कुठलं तरी पान कॉपी-पेस्ट करत आलो होतो मी. लक्षात घ्या, ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो. त्याला सगळ्या मशीनची मुभा असते. अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या देताना आपण चार प्रश्न विचारतो ना?

तर आता, क्रमाने.

एक. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. ड्रायव्हर उतरवायलाही नेट लागतंच.

दोन. ‘यूनेम’, मग स्पेस, मग डॅश आर. कर्नलचा आकडा कळेल, तो लिहून ठेवा.

तीन. ‘एलएसयूएसबी’ चालवा. खोक्यावर आणि नावावर जाऊ नका, आयडी बघा. सीडीरॉम मोड दिसला तर आधी सीडी इजेक्ट करा आणि आयडी परत बघा.

चार. या आयडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, ते शोधा. रियलटेकच्या ८८२१ सीयू, ८८२२ बीयू अशा काही यूएसबी चिपना फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या कर्नल ६.२ पासून आतूनच सपोर्ट आहे. तुमचा कर्नल जुना असेल, तर बाहेरचा ड्रायव्हर शोधण्याआधी नवा कर्नल घेऊन बघा.

पाच. बाहेरचा घ्यावाच लागला, तर कंपायलर, तुमच्याच कर्नलचे हेडर आणि डीकेएमएस आधी बसवा, आणि ड्रायव्हर डीकेएमएसमार्फतच टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेत नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून ती स्क्रीन बंद करू नका.

सहा. अडलं तर जुना कर्नल. ग्रबचा मेनू विसरू नका.

आणि सातवं माझ्याकडून. लॅपटॉप दुसऱ्या कोणासाठी तयार करत असाल, तर ‘हात लावू नकोस’ म्हणू नका. त्याच्या हातानेच करून घ्या. तास जास्त जाईल, पण रात्री दहाला फोन येणार नाही.

बहीण आता इंजिनीअरिंगला, कॉम्प्युटर शाखेला आहे. लॅपटॉप तोच, डोंगलही तोच. २०२४ मध्ये मिंट २२ आलं, कर्नल ६.८ वालं. तिने हॉस्टेलवर एकटीने ते टाकलं आणि मला फोन केला. मी फोन उचलतानाच विचारलं, “वायफाय गेलं का?”

ती म्हणाली, “नाही रे दादा. या वेळी ड्रायव्हर टाकावाच लागला नाही. आधी आयडी बघितला, मग कर्नल बघितला. आतच होता. तुला फक्त सांगायला फोन केला.”

चला, तुमचा डोंगल कुठे अडला असेल तर त्याचा आयडी आणि कर्नलचा आकडा, दोन्ही लिहून पाठवा. नुसतं ‘वायफाय चालत नाही’ लिहू नका, हां! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.